आजीचा कोनाडा कुठं गेला?



मागच्या महिन्यात आमच्या प्रभागातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. अंतर्गत कर्जाची मागणी चालू होती. एका ताईनं १८ हजार रुपये मागितले. कारण विचारलं तर म्हणाली, "मॅडम, घरकुल झालंय, रंग झालाय, पण सामान ठेवायला जागाच नाही. सगळं जमिनीवर पडलंय. एक कपाट, भांड्याचं स्टँड आणि एक शोकेस घ्यायचंय."

कोपऱ्यात गटातली सगळ्यात वयस्कर सदस्य बसली होती, सत्तरी ओलांडलेली. ती हसली आणि म्हणाली, "आमच्या येळंला भिंतीच कपाट हुत्या, बाई. कपाट इकत कोन घेत हुतं?"

सगळ्या हसल्या. मला मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत पुरलं. खरंच, भिंतीतलं कपाट गेलं कधी? आणि सामान ठेवायची जागा कर्ज काढून विकत घ्यायची वेळ आपल्यावर आली कशी? आज तीच गोष्ट सांगणार आहे. आपल्या घराचा इतिहास कुठल्या पुस्तकात फारसा सापडत नाही, पण तो आपल्या आज्यांच्या हातांना पाठ आहे.

माझं आजोळ लातूर आणि धाराशिवच्या सीमेवरचं. तिकडची जुनी घरं माळवदाची. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार. घर मोजायचं ते खणांवर. "तीन खणाचं घर" म्हटलं की समोरच्याला कळायचं.

या घरात आजच्यासारखं फर्निचर नव्हतं. पण म्हणून पसारा होता असं नाही. जाड भिंतीत कोनाडे होते. दिव्यासाठी लहान दिवळी. मोठ्या कोनाड्याला लाकडी दारं लावली की झालं फडताळ. त्यात लोणच्याची बरणी, औषधाची बाटली, कागदपत्रं. भिंतीत लाकडी खुंट्या ठोकलेल्या, त्यावर पिशव्या, टोपी, बैलाची घुंगुरमाळ. आढ्याला बांधलेल्या दांडीवर लुगडी आणि गोधड्या. मांजराला पोचू नये म्हणून दूध-दही शिंक्यात. चुलीजवळ भिंतीला लागून मांडणी, तिच्यावर तांब्या-पितळेची भांडी. धान्यासाठी शेणमातीनं सारवलेली कणगी, घरातच भिंत घालून केलेलं बळद, आणि ज्याची ज्वारी जास्त त्याचं जमिनीतलं पेव.

आणि उतरंड! मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. डाळी, बियाणं, मीठ-मिरची सगळं त्यात. जागा लागायची एका मडक्याएवढी आणि सामान मावायचं पाच-सात मडक्यांचं. आज शहरात "उभी साठवण" म्हणून जे शिकवतात, ते आपल्या पणज्यांनी मातीत करून ठेवलं होतं.

या सगळ्याला खर्च किती? कोनाडा भिंतीबरोबरच व्हायचा, त्याचे वेगळे पैसे नव्हते. कणगी बुरडाकडून यायची, मडकी कुंभाराकडून, खुंट्या-फडताळ सुताराकडून, आणि त्याचा मोबदला बहुतेक धान्यात, सुगीला. म्हणजे घर लावायचा खर्च होता, पण त्यावर व्याज नव्हतं.

मी जुन्या घराचं कौतुक करते आहे, पण एक गोष्ट लपवणार नाही. त्या घरात बाईचा म्हणावा असा कोपरा फार थोडा होता. फडताळाची चावी सासऱ्याच्या जानव्याला नाही तर सासूच्या कमरेला. माझ्या आजीचं स्वतःचं काय होतं? एक फणेरपेटी, तिच्यात फणी, कुंकू, आरसा. ती ठेवायचा एक कोनाडा. आणि उतरंडीतलं तिसरं मडकं. त्यात मुगाच्या डाळीखाली फडक्यात बांधलेले पैसे. अंडी विकून, शेंगा विकून साठवलेले. घरातल्या पुरुषांना वाटायचं उतरंड म्हणजे स्वयंपाकाचं सामान. बायकांना ठाऊक होतं की ती आपली बँक आहे.

ही बँक किती खोल गेलेली होती, ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवसापासून गावोगावच्या डाळीच्या डब्यातून, गोधडीच्या शिवणीतून, पेटीच्या तळातून नोटा बाहेर आल्या. नवऱ्याला सांगावं लागलं, मुलाच्या हातात द्यावे लागले. आमच्या गावात एका मावशीनं ते पैसे परत कधी पाहिले नाहीत. मडकं सुरक्षित होतं, पण त्याला पासबुक नव्हतं.

आता त्या भिंतींकडं परत येऊ.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. गावं उशिरा झोपलेली. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे ८ हजार माणसं गेली. मी तेव्हा तीन वर्षांची होते, आईबरोबर दुसऱ्या गावी, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे. आजोळच्या घरातली तीन माणसं गेली. आजी वाचली, कारण ती जनावरांना वैरण टाकायला अंगणात आली होती.

माणसं भूकंपानं कमी आणि घरानं जास्त मारली. ज्या भिंतींनी कोनाडे दिले, फडताळं दिली, त्याच अंगावर आल्या. भिंत जाड होती, पण आतले दगड गोल आणि नुसत्या मातीत बसवलेले. आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे आडवे लांब दगड नव्हते. त्यामुळं भिंत मधून फाटली, दोन्ही बाजूंना पडली, आणि वरचं माळवद, ते टनावारी मातीचं ओझं, झोपलेल्या माणसांवर आलं.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवायचं ठरलं. हजारो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. या दुरुस्तीच्या कामात एक मोठी गोष्ट घडली. शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायकांना "संवाद सहायक" म्हणून नेमलं गेलं. माळवदाचं ओझं कमी कसं करायचं, भिंतीत जोडदगड का घालायचे, सिमेंटचा पट्टा कुठं द्यायचा, हे या बायका घरोघर जाऊन सांगत होत्या. ज्यांनी तोवर गवंड्याला फक्त चहा नेऊन दिला होता, त्या गवंड्याला विचारू लागल्या, "इथं दगड आडवा का नाही घातला?" आपल्या भागातल्या अनेक बचत गटांची मुळं त्या काळात आहेत.

नव्या गावांत घरं जमिनीच्या हिशोबानं मिळाली. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट, आणि त्याहून जास्त जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. भिंती पातळ, छत सिमेंटचं. घर सुरक्षित, ही सगळ्यात मोठी गोष्ट. पण आजी त्या २५० फुटांत शिरली आणि दारातच उभी राहिली. आई अजून सांगते, तिचं पहिलं वाक्य होतं, "दिवा कुठं ठेवू?"

भिंतीत दिवळी नव्हती, कोनाडा नव्हता. खिळा ठोकायला गेलं तर प्लास्टर सुटायचं. आढं नाही, तर दांडी कशाला बांधणार आणि शिंकं कुठं टांगणार? कणगी आत घेतली असती तर माणसांना झोपायला बाहेर जावं लागलं असतं. आमच्या घरी नव्या संडासात काही वर्षं सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या होत्या. बाहेरून पाहणारे म्हणाले, यांना संडास वापरायची अक्कल नाही. पण सरपण ठेवायची जागा नकाशात कुणी काढली होती?

इथंच माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, मैत्रिणींनो. सामान ठेवायची जागा आधी भिंतीत होती. भिंत पातळ झाली तेव्हा ती जागा भिंतीतून निघाली आणि बाजारात गेली. हे फक्त भूकंपाच्या गावांत झालं असं नाही. विटा-सिमेंटचं घर जिथं जिथं आलं, तिथं हळूहळू हेच झालं.

बाजारातल्या वस्तूंचीही एक गोष्ट आहे. आधी आली पत्र्याची पेटी. लेकीच्या लग्नात संसाराच्या भांड्यांबरोबर फुलं रंगवलेली पेटी द्यायची पद्धत पडली. या पेटीला कडी होती, कुलूप होतं. बाईच्या हाती आलेली ही पहिली बंद होणारी जागा. मग आलं लोखंडी कपाट. मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपं बनवायचा कारखाना काढला, पुढं तिजोऱ्या केल्या आणि १९२३ पासून लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात झाली. खेडोपाडी ते पोचायला आणखी कित्येक वर्षं गेली, पण पोचलं ते असं की कुणीही बनवलेल्या लोखंडी कपाटाला आपण अजून "गोदरेज" म्हणतो. त्यानंतर प्लास्टिकची खुर्ची. एका साच्यातून एका दमात निघणारी ही खुर्ची १९७२ मध्ये फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी काढली. आज आपल्या ग्रामसभेत, लग्नात, दहाव्याला तीच असते. एकात एक बसते, पाण्यानं खराब होत नाही. पाहुणा आला की मांडायची, गेला की रचून ठेवायची. म्हणजे पुन्हा उतरंडच!

या वस्तू वाईट नाहीत. कपाटानं उंदीर-वाळवीपासून कागद वाचवले. पण शहरातल्या घराची नक्कल करत आपण सोफा आणला, शोकेस आणलं, तिथं गणित चुकलं. दहा बाय बाराच्या खोलीत सोफा आला की गटाच्या बैठकीला बायका बसणार कुठं? दोन वर्षांपूर्वी माझ्याच घरात ही चूक झाली. दिवाळीला हप्त्यावर सोफा आणि काचेचं शोकेस घेतलं. दर महिन्याला हप्ता. त्याच वर्षी सोयाबीनला भाव मिळाला नाही. दोन हप्ते थकले, तेव्हा वसुलीवाला दारात उभा राहिला आणि शेजारणी खिडकीतून बघत होत्या. गटांना मी कर्जाचं नियोजन शिकवते, आणि माझ्या दारात ही वेळ! आज त्या सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो आणि आम्ही सगळे खाली सतरंजीवर बसतो.

घर लहान असलं की काय करायचं, हा प्रश्न फक्त आपल्याला पडला नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची मोठी टंचाई होती. फ्रँकफर्ट शहरानं कामगारांसाठी स्वस्त घरं बांधायला घेतली. १९२६ मध्ये मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईनं त्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. रुंदी दोन मीटरलाही थोडी कमी, लांबी साधारण साडेतीन मीटर. बाईला भांड्यापासून चुलीपर्यंत किती पावलं चालावं लागतं, हे मोजून तिनं प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. पीठ, तांदूळ, साखर यांना वेगवेगळे खण. आणि महत्त्वाचं म्हणजे हे सगळं घराबरोबरच बांधलेलं, त्याचा खर्च घरभाड्यात धरलेला. भाडेकरूला वेगळं कपाट घ्यायला सावकाराकडं जावं लागत नव्हतं. आपल्या कोनाड्याचा नियमही तोच. घराबरोबर बांधलेली जागा स्वस्त पडते, मागून विकत घेतलेली महाग.

आता आजच्या घरकुलाकडं बघा. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे साधारण २७० चौरस फूट. आजीच्या २५० फुटांपेक्षा एक मोरी जास्त! तीस वर्षांनी आपण पुन्हा त्याच दारात उभ्या आहोत. फरक एवढाच की आजीला घर बांधून मिळालं, आपण ते स्वतः बांधतो. गवंडी आपल्या समोर असतो. म्हणून बोलायचं ते भिंत उभी राहायच्या आधी.

काय बोलायचं? ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे करून मागा. त्यात डबे, सिलेंडर, पिठाची पेटी बसते आणि वेगळं स्टँड लागत नाही. दाराच्या वरच्या पातळीवर एका बाजूला दोन फुटी माळा काढून घ्या, रुखवताची भांडी आणि जादा गोधड्या तिथं. नऊ इंची भिंतीत कोनाडा हवा असेल तर बांधतानाच ठेवायला सांगा, कोपऱ्यापासून आणि दार-खिडकीपासून दूर, आणि इंजिनियरला विचारून. बांधून झालेली भिंत मागून फोडून कोनाडा काढू नका. भिंतीला खिळ्यांऐवजी एकच लाकडी पट्टी पक्की बसवून घ्या आणि तिला खुंट्या लावा.

ज्यांचं घर बांधून झालंय त्यांनी काय करावं? नवीन घेण्याआधी जुनं बाहेर काढा. लग्नातल्या दोन पेट्या भिंतीला लावून ठेवल्या आणि वर जुनी गोधडी घडी करून घातली, की बसायचा बाक तयार. पलंग घ्यायचाच असेल तर खाली पेटी असलेला दिवाण घ्या, एका जागेत दोन कामं होतात. जुन्या साड्यांची जाड कप्प्यांची पिशवी शिवा, दारामागं टांगा, त्यात मुलांच्या वह्या आणि रेशनकार्ड-आधारकार्डाची फाईल. धान्याची कोठी फळीवर किंवा विटांवर ठेवा, भिंतीला चिकटवू नका, ओल लागते. रोजच्या वस्तू गुडघा ते खांदा या उंचीत ठेवा, कमरेला आराम पडतो. अवजड वस्तू नेहमी खाली, आणि कपाट लोखंडी पट्टीनं भिंतीला बांधून टाका. किल्लारीच्या लेकींनी तरी हे विसरू नये. आणि फवारणीची औषधं घरातल्या कुठल्याच कपाटात, धान्याजवळ नकोत. ती बाहेर, कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी.

त्या १८ हजारवाल्या ताईच्या घरी आम्ही पाचजणी गेलो. दोरीनं खोली मोजली. काय रोज लागतं, काय सणाला लागतं, काय कधीच लागत नाही, असे तीन ढीग केले. तिसऱ्या ढिगाला भंगारवाल्यानं सातशे रुपये दिले. ओट्याखाली कडप्पा, एक माळा आणि खुंट्यांची पट्टी, एवढ्यानं काम भागलं. कर्ज घेतलं ६ हजार, सहा महिन्यांत फिटेल असं. शोकेस तिनं स्वतःच रद्द केलं.

मात्र एक खर्च मी तिला कमी करू दिला नाही. एक लहान पेटी, कुलूप लावता येईल अशी. चावी तिच्याकडं. त्यात तिचं पासबुक, गटाचं वैयक्तिक पुस्तक, आणि घराचा नमुना आठचा उतारा. कारण १९९२ मध्ये नाबार्डनं देशात ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून आपलं मडकं बँकेत गेलं खरं, पण त्याचे कागद अजून कितीतरी घरांत नवऱ्याच्या खिशात आहेत. घरकुल बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे मंजूर करायचा नियम आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानं हिंदू स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. पण उताऱ्यावर नाव आहे का, हे बघायला उतारा हातात असावा लागतो, आणि वेळेवर सापडावाही लागतो. घर नीट लावायचं ते पाहुण्यांना दाखवायला नाही, तर आपली वस्तू आपल्याला अंधारातही सापडावी म्हणून.

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं सांगायचं, माझ्या घरात माझी म्हणावी अशी जागा कोणती, आणि तिची चावी कुणाकडं आहे. गटात एखादी आजी असेल तर तिला आधी बोलू द्या. आणि कुणाचं घरकुल मंजूर झालं असेल, तर पाया खणायच्या आत गटातल्या चौघी जाऊन दोरी धरून उभ्या राहा.

माझी आजी २०११ मध्ये गेली. त्या २५० फुटांच्या घरात तिनं शेवटी दिव्याची जागा शोधली होती. खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर तिनं मातीचा एक लहान कोनाडा स्वतः लिंपून घेतला. आता त्या घरी मामी आहे. दिवा अजून तिथंच लागतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.